झाडावरच्या माकडांसाठी कॅमेरा ट्रॅप: नवीन लोकांसाठी, पाटणच्या रानातून

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, म्हटलं की आपल्याकडं लोकांच्या डोळ्यासमोर वाघच येतो. चांदोलीत वाघ आला, कोयनेत वाघाचा फोटो मिळाला, पेपरला बातमी, विषय संपला. त्यामुळं होतं काय, माकडांचं काम करायला निघालेलं पोरगंसुद्धा वाघाचीच पद्धत उचलतं, पायवाटेच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरा बांधतं आणि दोन महिन्यांनी कार्ड काढून बघतं तर गावातली आजी सरपण घेऊन चाललीय, दोन म्हशी, एक साळिंदर, आणि माकडं शून्य. माझंच सांगतोय.

मी कराडचा. एमएस्सी झाल्यावर दोन हंगाम कर्नाटकात शिरसी-होन्नावरच्या डोंगरात सिंहपुच्छ माकडांच्या कामात मदतनीस होतो, हमाल म्हटलं तरी चालेल, आणि मग तिथं शिकलेलं आपल्याकडं पाटण तालुक्यात मालकीच्या रानात आणि एका देवराईत वापरून बघितलं. आता दर महिन्याला कुणीतरी विचारतंच की दादा कुठला कॅमेरा घेऊ. एकदाच सगळं लिहून टाकतो.

१. आधी माकड कुठलं ते नक्की करा

आपल्याकडं दोन आहेत. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. लाल-गुलाबी तोंडाचं, डोक्यावर मधोमध भांग पाडून केसांची टोपी घातल्यासारखं दिसतं ते माकड, इंग्रजीत त्याला बॉनेट मकाक म्हणतात. हे फक्त दक्षिण भारतात सापडतं, जगात दुसरीकडं कुठंच नाही. आपल्याला ते घाटात गाडीच्या बॉनेटवर बसलेलं दिसतं म्हणून वाटतं की लै आहेत, पण आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ते आता 'असुरक्षित' गटात आहे. उत्तरेकडचं ऱ्हीसस माकड खाली सरकतंय आणि याची जागा घेतंय, शिवाय रस्ते रुंद करताना कडेची वड-पिंपळ-आंब्याची जुनी झाडं गेली की यांचं घरच जातं. कराड-चिपळूण रस्त्यानं दहा वर्षांपूर्वी गेलेला माणूस आज परत गेला तर त्याला वेगळं सांगायला लागणार नाही.

सिंहपुच्छ हा तिसरा, आणि तो आपल्याकडं नाही. परत लिहितो, नाही. कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या घाटातल्या सदाहरित जंगलात तेवढा आहे, सगळे मिळून ४ हजारांपेक्षा कमी असावेत असा अंदाज आहे, आणि तो 'संकटग्रस्त' आहे. आपल्या ग्रुपवर वर्षातून एकदा तरी कुणीतरी कोयनेत सिंहपुच्छ सापडला म्हणून फोटो टाकतं आणि तो वानराचा असतो. नुसतं तोंड काळं बघून ठरवू नका. सिंहपुच्छाचं सगळं अंगच काळं असतं, तोंडाभोवती राखाडी आयाळ असते, शेपटी वानराच्या मानानं आखूड आणि टोकाला गोंडा. वानराचं अंग फिकट असतं आणि शेपटी अंगापेक्षा लांब.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे पुढची सगळी मांडणी यावर ठरते. सिंहपुच्छ जवळजवळ सगळं आयुष्य झाडावर काढतो, म्हणून त्याला कॅमेरा वर न्यावाच लागतो. आपलं माकड आणि वानर खालीपण उतरतात, त्यामुळं आपलं काम अर्धं वर आणि अर्धं खाली करता येतं, थोडं स्वस्तात पडतं.

२. प्रश्न एका ओळीत कागदावर लिहा

हसू नका. मी पहिल्या वर्षी हे केलं नाही आणि आठ हजार फोटो घेऊन बसलो, त्याचं करायचं काय तेच माहीत नव्हतं.

कॅमेरा ट्रॅप कुठं आणि कधी हे चांगलं सांगतो. म्हणजे या देवराईत माकडं येतात का, रस्त्याच्या या बाजूनं त्या बाजूला कुठल्या फांदीवरून जातात, उंबर पिकल्यावर सकाळी येतात का दुपारी. पण किती आहेत हे तो सांगत नाही. वाघाचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात म्हणून फोटोवरून हा तो वाघ असं ओळखता येतं आणि त्यावरून संख्येचं गणित बसतं. माकडाला पट्टे नाहीत. एकच आगाऊ पिल्लू कॅमेऱ्यासमोरून वीस वेळा गेलं तर तुमच्याकडं वीस फोटो येणार, आणि तुम्ही रिपोर्टात वीस माकडं लिहिणार. मोजायचंच असेल तर टोळीच्या मागं सकाळपासून फिरून, मोकळ्या जागेतून एकेक जाताना डोळ्यानं मोजा, दोघांनी वेगवेगळं मोजा आणि मग आकडे जुळवा. कॅमेरा त्याला पर्याय नाही.

३. परवानगी आणि कागदपत्रं

सगळ्यात जास्त पोरं इथंच गळतात, म्हणून नीट वाचा.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या आत कॅमेरा लावणं सोडाच, नुसतं शिरायलासुद्धा परवाना लागतो, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये कलम २७ आणि २८ बघा. अभ्यासासाठीची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून येते, अर्ज मात्र खालून वर जातो, क्षेत्र संचालकांचं ऑफिस कोल्हापूरला आहे. एकट्यादुकट्या हौशी माणसाला इथं परवानगी मिळणं अवघड आहे आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. कॉलेजमधून किंवा संस्थेमार्फत जा, नाहीतर वनविभागाच्या स्वतःच्या कॅमेरा सर्व्हेत स्वयंसेवक म्हणून मदत करा, पहिल्या वर्षाला तेच शहाणपणाचं.

प्रकल्पाच्या बाहेरचं राखीव जंगल असेल तर त्या विभागाच्या उपवनसंरक्षकांची परवानगी. आणि मालकीचं रान असेल तर मालकाची लेखी संमती, पण तरीही वनविभागाच्या रेंज ऑफिसला पत्र देऊन पोच घ्याच. मी नवीन लोकांना मालकीच्या रानापासूनच सुरुवात करा म्हणतो. पाटण तालुक्यात आणि शिराळ्याच्या वरच्या अंगाला मालकीचं चांगलं जंगल अजून आहे.

लागणारे कागद:

- अर्ज, आणि सोबत दोन पानी टिपण: काय करणार, का, कुठं, किती दिवस
- नकाशा, त्यावर प्रत्येक कॅमेऱ्याची साधारण जागा
- कॅमेऱ्यांची यादी, सिरीयल नंबरसकट
- टीममधल्या प्रत्येकाचं आधार, फोटो, फोन
- कॉलेजचं किंवा संस्थेचं पत्र, गाईडच्या सहीचं
- फोटो आणि रिपोर्ट विभागाला देऊ असं लेखी हमीपत्र
- मालकीच्या जागेला सातबारा आणि संमतीपत्र
- ग्रामपंचायतीला दिलेल्या पत्राची पोच
- झाडावर चढणाऱ्यांचा अपघात विमा

सातबाऱ्याची गंमत सांगतो. आमच्या पहिल्या जागेच्या उताऱ्यावर ३१ नावं निघाली, निम्मी मुंबईला, चार वारलेली. गावातल्या एका भावाची सही घेऊन आम्ही पुढं गेलो आणि पंधरा दिवसांनी दुसरा भाऊ मुंबईवरून आला तो थेट कॅमेरा सोडवून घरी घेऊन गेला. त्याचंही काय चुकलं. तेव्हापासून सही एकाची असली तरी फोन सगळ्यांना करतो, आणि बैठकीत गावासमोर सांगतो.

दुसरा फटका ऑफिसातला. एका ठिकाणी आमचा अर्ज अडीच महिने टेबलावर पडून होता, कारण काय तर नकाशावर सही नव्हती, आणि हे कुणी सांगितलंच नाही. दर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन विचारा. फोनवर 'बघतो' एवढंच उत्तर येतं.

४. सामान

कॅमेऱ्याची कंपनी हा सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सगळ्यात जास्त तोच विचारला जातो. ब्राऊनिंग, बुशनेल, रेकॉनिक्स, कडेबॅक, सगळ्यांनी काम होतं. ऑनलाइन पाच-सहा हजाराला मिळणारे बिननावाचे डबे असतात ते मात्र टाळा, आपल्या हवेत टिकत नाहीत. घेताना तीन गोष्टी बघा. ट्रिगरचा वेग, म्हणजे जनावर समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ. माकड फांदीवरून उडी मारून जातं, सेकंदभर उशीर झाला की फोटोत नुसती हलणारी फांदी उरते. दुसरं, एक फोटो काढल्यावर परत तयार व्हायला लागणारा वेळ, कारण टोळी एकामागून एक जाते. तिसरं, रात्रीचा फ्लॅश न दिसणारा आहे का. माकडं रात्री झोपतात पण न दिसणाऱ्या फ्लॅशचा कॅमेरा माणसांच्याही नजरेला पडत नाही, चोरी कमी होते.

बाकी सामान: चांगले सेल आणि त्याचे दोन जादा संच (नवे-जुने मिसळायचे नाहीत), प्रत्येक कॅमेऱ्याला दोन मेमरी कार्ड, पट्टे, स्टीलची तार आणि कुलूप, कॅमेरा वाकवून बसवायला बॉल हेड, सिलिका जेलच्या पुड्या, छोटी पाटी आणि खडू, मऊ फडकं, जीपीएस, ऑफलाइन नकाशा. हेळवाकच्या पुढं रेंज गेली की फोनवरचा साधा नकाशा पांढरा पडतो.

५. झाड निवडणे

खरं काम हे. इथं घाई केली तर पुढचं सगळं वाया.

आधी किमान आठ-दहा दिवस कॅमेरा न घेता फिरा. गावातल्या माणसाला सोबत घ्या, शक्यतो गुरं राखणारा किंवा वरच्या धनगरवाड्यातला. माकडं सकाळी कुठून निघतात, दुपारी कुठं बसतात, संध्याकाळी झोपायला कुठल्या झाडावर जातात हे त्याला पाठ असतं, फक्त तुमच्या भाषेत विचारू नका. 'यांचा संचारमार्ग कोणता' म्हटलं की तो गप्प बसतो. 'मामा, सकाळी भाकरी खाताना माकडं कुठल्या अंगाला वरडत्यात' असं विचारलं की हात करून दाखवतो.

मग फळं. आपल्या भागातलं निमसदाहरित रान म्हणजे अंजनी, जांभूळ, पिसा, मधेमधे हिरडा, उंबर, आंबा, फणस. एप्रिल-मेमध्ये करवंदं, मे-जूनला जांभळं, आणि उंबराचं तर वर्षात कधीही. पिकलेला उंबर सापडला तर बाकी सगळं सोडा. खाली अर्धवट खाल्लेली फळं, तोडलेल्या डहाळ्या, विष्ठा बघा.

त्यानंतर पूल शोधा. पूल म्हणजे दोन झाडांच्या जाड फांद्या जिथं एकमेकांत घुसल्यात ती जागा. माणूस जशी ओढ्यावर ठरलेल्या दगडावरूनच पाय टाकतो तशी माकडं पण ठरलेल्या फांदीवरूनच जातात, ती फांदी बघितली तर साल गुळगुळीत, शेवाळ घासलेलं दिसतं. शिरसीला आमचे निम्म्याहून जास्त चांगले फोटो अशा तीन-चार फांद्यांवरूनच आले. तमिळनाडूत वालपारईजवळ पुदुतोट्टमला चहाच्या मळ्यांमधल्या जंगलाच्या तुकड्यात सिंहपुच्छ राहतात, तिथं रस्त्यावरची फांद्यांची गाठ तुटल्यावर माकडं खाली उतरून गाड्यांखाली यायला लागली म्हणून झाडाला झाड जोडणारे पूल बांधलेत. असा पूल आपल्याकडं कुठं बांधायला हवा हे सांगायला कॅमेऱ्याचे फोटो उपयोगी पडतात, आणि माझ्या लेखी या कामाचा खरा फायदा तोच आहे.

केळी, चणे, बिस्किटं टाकून माकडं कॅमेऱ्यापुढं आणायची नाहीत. फोटो भरपूर मिळतील पण ते काही सांगणार नाहीत, आणि कुंभार्ली घाटात गाड्यांमागं पळणाऱ्या माकडांचं काय झालंय ते आपण बघतोच.

६. वर चढणे, आणि न चढता भागवणे

गावातल्या पोराला पाचशे रुपये देऊन दोराशिवाय वर चढवू नका. तो चढेल, लहानपणापासून चढतोय, पण ४० फुटावर एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातानं कुलूप लावायचं ही वेगळी गोष्ट आहे.

पद्धत अशी की गलोलीनं बारीक दोरीला वजन बांधून जाड फांदीवरून पलीकडं टाकायचं, त्या दोरीनं जाड दोर ओढून घ्यायचा, दोघांनी लोंबकळून फांदी तपासायची, आणि मग हार्नेस, हेल्मेट, चढायची-उतरायची क्लिपं लावून एकानं वर जायचं. खाली एक माणूस कायम. हे वाचून जमत नाही, साताऱ्यात-सांगलीत कडे चढणारी मंडळी आहेत त्यांच्याकडून महिनाभर शिकून घ्या. वाळका बिबा किंवा पोकळ आंबा, कितीही सोयीचा दिसला तरी सोडून द्या.

चढायच्या आधी दहा मिनिटं दुर्बिणीतून सगळं झाड बघा. आग्या मोहोळ. एवढं एकच कारण पुरेसं आहे. शेंड्यापर्यंत बघा, शेजारचं झाडपण बघा.

चढायचं नसेल तर शिडीनं १०-१२ फुटावर खालच्या आडव्या फांद्यांवर कॅमेरे लावा, आणि उन्हाळ्यात पाणवठ्यावर जमिनीपासून हातभर उंचीवर. आपल्या माकडासाठी आणि वानरासाठी एवढ्यावर बरंच कळतं. सिंहपुच्छासाठी नाही.

आणि माकडताप. हा विषय कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात हा आजार पहिल्यांदा ओळखला, गोचिडीतून पसरतो, वानरं आणि माकडं यानं मरतात, माणसं पण. २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात रुग्ण सापडले. म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली, अंगाला गोचीड पळवणारं औषध, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंग नीट तपासणं. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, फोटो आणि जागा वनविभागाला आणि आरोग्य केंद्राला कळवा. नंतर ताप आला तर डॉक्टरला आपण जंगलात काम करतो हे न विचारता सांगा.

७. कॅमेरा बांधणे आणि सेटिंग

कॅमेऱ्यातला सेन्सर फोटो बघत नाही, उष्णतेतला फरक बघतो. मागच्या झाडोऱ्यापेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी हललं की तो उठतो. एवढं डोक्यात बसलं की निम्मे घोटाळे आपोआप टळतात. उन्हानं तापलेलं पान वाऱ्यानं हललं तरी त्याला जनावर वाटतं. उलट एप्रिलच्या दुपारी रान माकडाच्या अंगाएवढंच तापलेलं असलं की खरं माकड जाऊनसुद्धा तो झोपून राहतो. म्हणून दुपारी माकडं येत नाहीत असा निष्कर्ष लगेच काढू नका.

तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिम ठेवलात तर सकाळ-संध्याकाळ सूर्य थेट आत येतो.

फांदीला आडवा नाही, फांदीच्या लांबीच्या दिशेनं बघेल असा बांधा, म्हणजे माकड कॅमेऱ्याकडं चालत येतं आणि जास्त वेळ चौकटीत राहतं. अंतर दोन ते चार मीटर. ज्या खोडाला कॅमेरा बांधताय ते जाड पाहिजे. ज्या तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्यात त्या तालुक्यात वाऱ्याचं वेगळं सांगायला नको, पण मी स्वतः मनगटाएवढ्या फांदीला कॅमेरा बांधून चार दिवसांत कार्ड भरवलंय. सगळे फोटो आभाळ-फांदी-आभाळ-फांदी. समोरची चार पानं खुडली तर चालतात, कोयता चालवायचा नाही, आणि देवराईत तर पान खुडायच्या आधीसुद्धा विचारायचं.

खिळा ठोकायचा नाही, पट्टाच.

सेटिंग मी असं ठेवतो: एका ट्रिगरला तीन फोटो, दोन ट्रिगरच्या मधला वेळ कमीत कमी, संवेदनशीलता वर मध्यम आणि खाली जास्त, २४ तास चालू. माकडं दिवसाचीच असली तरी रात्र बंद करू नका, उदमांजर, उडती खार असलं काय काय येतं, आणि दिवसा शेकरू तर येतोच, विभागाला तेही हवं असतं. व्हिडिओ भारी दिसतो पण सेल खातो, पहिल्या वर्षी टाळा.

आता निघायच्या आधीची यादी, ही छापून खिशात ठेवा, प्रत्येक ओळीमागं कुणाचे तरी महिने गेलेत:

- कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं का
- कार्डाच्या बाजूचं बारीक बटण लॉकवर सरकलेलं नाही ना
- तारीख, वर्ष आणि वेळ बरोबर आहे का, सकाळ-संध्याकाळ उलटी नाही ना
- पाटीवर जागा, कॅमेरा नंबर, तारीख, वेळ लिहून पहिला फोटो त्याचा काढला का
- झाकणाच्या रबरावर माती-मुंगी नाही ना
- कॅमेरा सेटअपवर नाही, चालूवर आहे ना
- समोरून माकडासारखं हलून बघितलं का (खाली रांगून, वर दोरावरून हात हलवून, लाज सोडून)

तारखेचं सांगतोच. सेल बदलल्यावर काही कॅमेऱ्यांचं घड्याळ कंपनीच्या पहिल्या तारखेला जातं. आमच्या एका कॅमेऱ्यात ४३ दिवसांचे सगळे फोटो १ जानेवारीपासून सुरू झाले, वर्ष पण भलतंच. पाटीचा फोटो असता तर फरक काढून सगळ्या तारखा एका झटक्यात दुरुस्त झाल्या असत्या. नव्हता. माकडं आली एवढं कळलं, कधी आली ते गेलं.

८. माकडं कॅमेऱ्याचं काय करतात

वाघ कॅमेऱ्याकडं बघून निघून जातो. माकड थांबतं. हुंगतं, चाटतं, पट्टा ओढतं, कॅमेऱ्यावर बसून शेपटी लेन्सपुढं सोडतं. शिरसीत एका सिंहपुच्छ पिल्लानं कॅमेरा हळूहळू आभाळाकडं फिरवला आणि नंतरचे नऊ दिवस आमच्याकडं ढगांची नोंद आहे. उपाय साधे आहेत: दोन पट्टे, वरून तार, चमकणारं काही नाही, खाण्याचा वास लागलेला हात लावायचा नाही, बसवताना टोळी आसपास नको. पहिल्या आठवड्यातले फोटो कुतूहलाचे असतात, वागणुकीवर काही लिहायचं असेल तर ते बाजूला ठेवा.

मुंग्यांचं मात्र कुणाकडं औषध नाही. दोन भेटींच्या मधे त्या आत घर करतात. सिलिका जेल बदलताना फडक्यानं पुसून घ्यायचं, फवारा मारायचा नाही.

९. कधी लावायचं, कधी बघायला जायचं

दिवाळीनंतर लावा, मेच्या मध्यापर्यंत काढा. नवजा, महाबळेश्वर, पाथरपुंज या पट्ट्यात वर्षाला ५ हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, 'वॉटरप्रूफ' लिहिलेला डबा त्यापुढं टिकत नाही. शिरसीकडं पावसातपण काही कॅमेरे ठेवायचो पण त्यातले किती परत चालू झाले ते विचारू नका.

फेब्रुवारीनंतर वणव्याची भीती. सड्याच्या गवताला लागून असलेला खालचा कॅमेरा आधी काढा.

पहिली भेट आठ-दहा दिवसांनी, फक्त चूक सापडावी म्हणून. नंतर तीन-चार आठवड्यांनी. सारखं सारखं जाऊ नका. गवा आणि अस्वल दोन्ही आहेत, एकट्यानं जायचं नाही, आणि सकाळी लवकर दाट झुडपातून जाताना बोलत जायचं. वापरलेले सेल मोजून परत आणा.

१०. माणसांचे फोटो

हे येणारच. सरपणाला गेलेल्या बायका, शिकेकाई गोळा करणारे, कधी एखादं जोडपं. आधीच ठरवा: माणसांचे फोटो एकाच माणसानं बघायचे, ते कुठंही पाठवायचे नाहीत, काम झालं की पुसायचे. शिकारीचं किंवा फासक्याचं काही दिसलं तर काय करायचं ते विभागाबरोबर आधीच बोलून ठेवा, आणि गावालाही तसं स्पष्ट सांगा, नाहीतर लोकांना वाटतं की तुम्ही खबरे आहात. प्रत्येक कॅमेऱ्यापाशी मराठीत चिठ्ठी: हा कॅमेरा माकडांच्या अभ्यासासाठी आहे, परवानगी घेतलेली आहे, शंका असेल तर या नंबरवर फोन करा. चिठ्ठी लावल्यापासून आमचा एकच कॅमेरा गेला, आधी तीन गेले होते.

११. फोटोंचा ढीग

अंदाज यावा म्हणून सांगतो. २०१८ च्या देशभरच्या वाघगणतीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले, फोटो आले जवळपास साडेतीन कोटी, त्यातले वाघाचे ७६,६५१. हजारात दोन-सव्वादोन. तेव्हा तुमच्या आठ हजारात माकडांचे दोनशे निघाले तर तोंड पाडू नका.

घरी आल्यावर त्याच रात्री कार्ड उतरवून दोन ठिकाणी कॉपी, मगच कार्ड पुसायचं. फोल्डरचं नाव जागा, कॅमेरा नंबर, तारीख. रिकामे फोटो बाजूला काढायला मेगाडिटेक्टर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते जनावर, माणूस, गाडी आणि रिकामा असं वेगळं करतं, पण फांदीमागं अर्धवट लपलेलं माकड त्याच्या नजरेतून सुटतं, म्हणून 'रिकामे' मधले शंभर-दोनशे स्वतः उघडून बघा. जात ओळखायचं काम माणसानंच करायचं, दोघांनी.

मग एक्सेल. प्रत्येक ओळीत जागा, तारीख, वेळ, प्राणी, फोटोत किती दिसले, पिल्लू होतं का, काय करत होतं. एकाच जागी एकाच जातीचे अर्ध्या तासाच्या आत आलेले फोटो एकच भेट धरायचे, हा नियम बरेच जण वापरतात. मेहनत मोजायची कॅमेरा-दिवसात: १० कॅमेरे ६० दिवस म्हणजे ६००, पण त्यातला एक विसाव्या दिवशी बंद पडला असेल तर ५६०. बंद पडलेले दिवस वजा न करता रिपोर्ट लिहिणारे खूप आहेत. नंतर दर १०० कॅमेरा-दिवसांना किती भेटी ते काढा. पुढं ऑक्युपन्सीचं गणित, म्हणजे प्राणी किती जागांमध्ये असावा याचा अंदाज, शिकायचं असेल तर स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांना चहा पाजा, आणि लावायच्या आधी पाजा, नंतर नाही.

फोटो कुठं टाकायचे असतील तर त्यातलं जीपीएस काढून टाका, जागेचं नाव लिहू नका.

१२. काढून आणणे

कॅमेरे काढताना यादीशी ताळा करा: कॅमेरा, पट्टा, तार, कुलूप, चिठ्ठी. झाडाला राहिलेला पट्टा दोन वर्षांत सालीत रुततो. दोर शेवटी उतरवा. सेल काढूनच कॅमेरे ठेवा, नाहीतर ते आत फुटून पाझरतात, आणि डब्यात सिलिका जेल टाका.

विभागाला रिपोर्ट आणि फोटोंची प्रत द्या, पोच घ्या, पुढच्या वर्षीच्या अर्जाला ती जोडायला लागते. आणि गावात देवळात पडदा लावून एक संध्याकाळ फोटो दाखवा, माणसांचे सोडून. आमच्याकडं शेकरूपेक्षा आणि बिबट्यापेक्षा जास्त हशा त्या फोटोला आला ज्यात वानराचं पिल्लू आमची चिठ्ठी फाडून खातंय. दुसऱ्या दिवशी ३१ नावांपैकी तो मुंबईवाला भाऊच म्हणाला की पुढच्या वर्षी वरच्या अंगाच्या उंबरावर लावा, तिथं जास्त येतात.